दहा लिटरला किती मिली?

“मॅडम, हे पुस्तक माझंच आहे, पण हे माझं पुस्तक नाई,” असं म्हणत वानखेडे साहेबांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला.

हिंगणघाटला वकिली करायला लागून मला बावीस वर्षं झाली. बहुतेक दावे शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, वाटणीचे, फार तर भाडेकरूचे. कॉपीराइट कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता, पेपर झाल्यावर तो बिचारा पुस्तकातच राहिला. तरी चेहरा गंभीर ठेवून मी विचारलं, “वर नाव कोणाचं आहे?”

“माझं.”

“मग?”

“आतलं माझं नाई.”

मला काहीच कळेना. चहा मागवला, तेव्हा हळूहळू उलगडा झाला. साहेब कृषी खात्यातून रिटायर झालेले. कपाशीच्या फवारणीवर त्यांनी एक पुस्तिका लिहून छापली होती. छापण्याआधीची कच्ची प्रत, म्हणजे प्रूफ, कुठूनतरी फुटली आणि पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरत होती. त्या प्रुफात एका औषधाचं प्रमाण दहा लिटर पाण्याला २५ मिली पडलं होतं. खरं प्रमाण अडीच. मधलं टिंब टायपिंगमध्ये गळलेलं. छापील पुस्तिकेत साहेबांनी ते घातलं, पण मोबाइलमधल्या प्रतीत कोण घालणार? देवळीकडे एकानं तसंच फवारलं. कपाशीची उभी पऱ्हाटी करपली आणि फवारणारा गडी गरगरून धुऱ्यावर आडवा झाला. दोन दिवस दवाखान्यात होता. फोन साहेबांना आला, कारण नाव साहेबांचं.

“आठ दिवसांत सगळीकडे फवारण्या सुरू होतीन, मॅडम. कोणाचा जीव गेला तं मी काय करू?” साहेब म्हणाले. खरं सांगते, मलाही भीती वाटली.

नोटीस पाठवायची हे नक्की. पण कुणाला? ज्याला विचारावं तो म्हणे, ग्रुपवर आलं. देवळीवाला आष्टीकडे बोट दाखवी, आष्टीवाला परत देवळीकडे. एका सद्गृहस्थानं तर मलाच पीडीएफ पाठवली आणि वर म्हणाला, “आणखी कोणाले पाहिजे असन तं सांगजा.”

मग माझं लक्ष पानाच्या तळाशी गेलं. प्रत्येक पानावर हात जोडलेला एक फोटो आणि खाली ‘सौजन्य : आपला गजाननभाऊ’. आमच्याकडे ही रीतच आहे. हवामानाचा अंदाज असो की बसचं टाइमटेबल, पुढे पाठवणारा आपला फोटो चिकटवतोच. पण चोरीच्या मालावर चोरानं स्वतःचा फोटो लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

गजाननभाऊंचं देवळीला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. फोटो काढून टाका आणि वाटणं थांबवा, अशी नोटीस गेली. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच हजर झाले. घाबरलेले कमी, दुखावलेले जास्त. साहेब माझ्याच समोर बसले होते.

“मॅडम, साहेबांचं नाव मी जिल्हाभर पोचवलं. कोणाकडून रुपया घेतला नाई. अन् मलेच नोटीस? काऊन?”

“प्रत कुठून मिळाली?”

“साहेबांनीच देल्ली! औषधांची नावं तपासून द्या म्हणे.”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे पाहू लागले.

“तपासाले देल्ली होती,” ते पुटपुटले. “वाटाले नाई.”

आता दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी कायद्याचं पुस्तक उघडलं, थोडं आडोशासाठीच. पण निघालं कामाचं. लिहिलं त्या क्षणी हक्क लेखकाचा, नोंदणी केलेली असो वा नसो. दुसऱ्याला छापायची, वाटायची परवानगी द्यायची तर ती लेखी लागते. “शेजाऱ्याला विहीर उपसायला बोलावलं म्हणजे विहीर त्याची होत नाही, गजाननभाऊ.”

“पण मी फुकट वाटलं!”

“फुकट असलं तरी. आपल्या नावानं लोकांच्या हाती काय पडावं, हे लेखकानं ठरवायचं.”

हे त्यांना पटलं नाही. मग मी तो २५ चा आकडा दाखवला आणि गड्याचं सांगितलं. माणूस पांढराफटक पडला. तिथंच बसून त्यांनी आपल्या ग्रुपांवरून जमेल तेवढं डिलीट केलं. पण पीडीएफ कधीच पुढे गेली होती.

साहेबांनी दुरुस्त केलेलं पान सगळ्या ग्रुपांवर टाकलं. स्वच्छ, कुणाचाही फोटो नसलेलं. अर्ध्या तासात उत्तरं आली. ‘हे नकली वाटून राह्यलं. असलीवर गजाननभाऊचा फोटो आहे.’ दुसरा म्हणाला, ‘साहेबांच्या नावानं कोणीतरी खोटं पसरवून राह्यलं. सावध राहा.’

माझी मती गुंग झाली. मालक कोण हे कायद्यानं मला सांगितलं होतं, पण ग्रुपला कोण सांगणार? फवारणीला चार दिवस उरले होते.

शेवटी मी गजाननभाऊंना परत बोलावलं आणि एक कागद टाइप केला. या एका दुरुस्त पानावर स्वतःचं नाव आणि फोटो लावून ते वाटण्याची परवानगी लेखक त्यांना देत आहे. ज्याला फोटो काढून टाक म्हणून नोटीस दिली, त्यालाच आता फोटो लाव म्हणून लिहून देत होते. बावीस वर्षांत इतका उफराटा कागद मी केला नव्हता.

साहेबांचा पेन सहीच्या जागेवर थांबला. “मॅडम, पुस्तक माझंच आहे न?”

“तुमचंच. म्हणून तर सही तुमची लागते.”

त्यांनी सही केली. गजाननभाऊंच्या फोटोसकट पान ग्रुपांवर गेलं. संध्याकाळपर्यंत ‘धन्यवाद गजाननभाऊ, वेळेवर सांगितलं’ असे ढीगभर मेसेज आले. साहेबांचं नाव एकानंही घेतलं नाही. पण त्या हंगामात गडी आडवा झाल्याचा फोनही त्यांना परत आला नाही.

आता कुणी काही लिहून माझ्याकडे आलं की मी एवढंच सांगते. कच्ची प्रत तपासायला जरूर द्या, पण ‘फक्त तपासण्यासाठी’ असं लिहून, समोरच्याची सही घेऊन द्या. हक्क लिहिताक्षणीच मिळतो. तो लोकांना पटेपर्यंत फवारणी थांबत नाही.