वडाखालच्या मावशी

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी, तळेगावच्या गावठाणातल्या बागेत तिघांनी मावशींना दांडक्याने मारलं. दवाखान्यात त्यांचा मृत्यू झाला.

मावशी परंदवडीच्या. बाग झाडायच्या, झाडांना पाणी घालायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे रोज वाचत बसे. बाग शांत होती, पण मावशी शांत नव्हत्या. त्या मारायच्या. पूजेसाठी फुलं तोडणाऱ्यांच्या हातावर खराटा बसायचा. एकाने वडाच्या बुंध्यावर चाकूने नाव कोरलं, तेव्हा त्यांनी मनगट पिरगाळून चाकू काढून घेतला. “आन पाट हिकडं. तुज्या बायकूचं नाव कोरते.”

खराटा मलाही बसला आहे. पुस्तकात खूण म्हणून मी पिंपळाचं पान तोडलं होतं. “खाली पडल्यात की एवढी. वाकायला कंबर मोडती का, सर?” म्हणाल्या, आणि स्वतःच वाकून एक पान माझ्या हातात ठेवलं.

त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. तो नवऱ्याच्या मारात गेला होता. त्याबद्दल एकदाच बोलल्या. “मला निदान पळता आलं. झाडाला पळताबी येत न्हाई.”

घरी पूजा करणाऱ्या बायकांसाठी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकतात. त्या दिवशी मावशी दांडकं घेऊन वडाखाली बसत. “दोरा बांधायला या. फांदी न्हाई मिळायची.” एक बाई रागावून म्हणाली, “सात जन्म तोच नवरा मिळावा म्हणून मागतोय आम्ही. पाप लागेल तुम्हाला.”

“मलाबी तोच मिळू दे,” मावशी म्हणाल्या. “मारायचा राह्यलाय माजा.”

त्या वर्षी टेम्पो आला. एक जण कोयता घेऊन वर चढला. पहिली फांदी पडली तशी मावशींनी त्याच्या पायावर दांडकं हाणलं आणि तो खाली आला. त्याच्या दोन साथीदारांनी दांडकं हिसकावलं. मग तिघांनी आळीपाळीने मारलं. मी मध्ये पडलो, तेव्हा माझा हात मोडला. मावशी हलेनाशा झाल्यावर त्यांनी उरलेल्या फांद्या तोडल्या, टेम्पोत भरल्या आणि गेले. संध्याकाळी त्या बाजारात विकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी घरोघरी त्यांची पूजा झाली.

खटला वडगावच्या कोर्टात आहे. बागेत तेव्हा आणखी चार-पाच जण होते. आपण त्या दिवशी बागेत नव्हतोच, असं आता ते सांगतात. परवा एका आरोपीचा भाऊ माझ्या बाकावर येऊन बसला.

“सर, तुमी वयस्कर माणूस. चष्मा बी हाय. नीट दिसलं नसंल तुमाला.”

“दिसलं,” मी म्हणालो.

“घरी एकलेच असता ना?”

“हो.”

तो उठून गेला.

आता साक्षीदार मी एकटा उरलो आहे. पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे.