पूर्ण नाव आणि जन्मतारीख

इंग्लंडात मेडनहेडला राहायचो तेव्हा मराठी मंडळात कुणी कामाचं विचारलं की मी सांगायची, "ट्रेनिंगचे व्हिडिओ एडिट करते." त्यावर पुढचा प्रश्न कधी आला नाही, कारण ट्रेनिंगचे व्हिडिओ किती कंटाळवाणे असतात हे प्रत्येकाने आपापल्या ऑफिसात भोगलेलं असतं. खरं म्हणजे मी प्रौढांसाठीच्या फिल्मा काढणाऱ्या कंपनीत एडिटर होते. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टाइल्सच्या गोदामाला लागून आमचं ऑफिस, बाहेरून बघितलं तर इथे प्रिंटरची शाई विकत असतील असं वाटावं. पुण्यात एडिटिंग शिकले, नवऱ्याच्या मागोमाग इकडे आले, वर्षभर अर्ज पाठवत बसले, आणि ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे रुजू झाले. नवऱ्यापासून लपवलं नाही. तो भूलतज्ज्ञ, माणसाच्या शरीराचं त्याला कौतुकही नाही आणि धक्काही नाही. तो म्हणाला, "पेन्शन देतात ना?" आणि ताट वाढून घेतलं.

लाज सुरुवातीला वाटली. नंतर कामच इतकं असायचं की लाजायला फुरसत मिळेना.

त्या धंद्यात एक रीत आहे. कॅमेरा सुरू झाला की काम करणारी व्यक्ती आधी, अंगावर सगळे कपडे असताना, पासपोर्ट हनुवटीखाली धरते आणि आपलं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगते. मी हे माझ्या मर्जीने करते आहे, असंही म्हणते. हे कायद्यासाठी. त्यानंतर फिल्म, आणि फिल्ममध्ये तिचं नाव भलतंच काहीतरी. हा सुरुवातीचा तुकडा मूळ प्रतीत राहतो, बाहेर जायच्या प्रतीतून एडिटर तो कापतो. ऑफिसात त्याला 'हेड' म्हणायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवत: आधी हेड काप, मग जॅकेट काढ.

कार्डिफची एक मुलगी आमच्याकडे काम करून गेली होती. तिला नर्सिंगचा कोर्स करायचा होता आणि घरून मदत नव्हती. मोजक्याच फिल्मा केल्या तिने, लाल केसांचा विग घालून आणि चेहऱ्यावर इतका मेकअप थापून की तिच्या आईनेही ओळखलं नसतं. पण हेडमध्ये विग नव्हता. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी उभं केल्यावर मूल सांगतं तसं, ताठ बसून, थोडं हसून, तिने आपलं नाव सांगितलं होतं. अख्ख्या फिल्ममध्ये तेवढंच खरं होतं, आणि तेवढंच मी काढून टाकलं.

तेव्हा आमचा माल काळ्या काचा लावलेल्या दुकानांत डिस्कवर मिळायचा, नाहीतर टीव्हीवर आमच्या चॅनलला पिन नंबर घालून. मी त्या दिवसांचे गोडवे गात नाही, मालक तेव्हाही बदमाशच होते. पण बघणाऱ्याला खिशात हात घालावा लागायचा, आणि दुकानात शिरताना रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना हे बघावं लागायचं. कुणाला काही दिसलंच, तरी तो चारचौघांत सांगायला धजत नसे. बघणाऱ्याची लाज त्या मुलींनाही थोडी सांभाळून घ्यायची.

मग फुकटच्या साइट आल्या. कुणीतरी आमची फिल्म विकत घ्यायचा, तुकडे करून तिथे टाकायचा, आणि लोक बघत बसायचे. डिस्क खपेनात. चॅनल बंद झालं. कॅमेरावाले गेले, मेकअपवाली गेली, एकेक करून एडिटर गेले. मला ठेवलं ते चोरलेले तुकडे शोधून त्या त्या साइटला ते उतरवायची नोटीस पाठवायला. तोवर नवऱ्याला कार्डिफच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटची जागा मिळाली होती, आम्ही तिकडे गेलो, आणि वरच्या छोट्या खोलीत बसून मी दिवसभर नोटिसा पाठवू लागले. सकाळी उतरवलेला तुकडा जेवणापर्यंत दुसऱ्या नावाने पुन्हा वर आलेला असायचा. अंगणातला पाचोळा वाऱ्यात झाडत बसण्यातली गत.

कार्डिफची ती मुलगी या काळात मला फोन करायची. नोटिशीची एक प्रत फिल्ममधल्या मुलीलाही ईमेलने जायची, त्याखाली माझं नाव आणि नंबर असायचा. ती एव्हाना पास होऊन नर्स झाली होती, वॉर्डात लागली होती. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मला वाटलं रडेल, भांडेल. तिने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "अंग दिसतंय ते दिसू दे, त्याचं मी बघून घेईन. माझं नाव त्याला चिकटलेलं नाही ना, एवढंच मला सांगत जा." मी शोधून सांगायची, "नाही." ती इथल्या पद्धतीने लाडाने म्हणायची, "थँक यू, लव्हली," आणि ड्युटीला जायची. मला तिचं कौतुक वाटायचं. मी तिच्या जागी असते तर कधीच कोसळले असते.

शेवटी साहेबांनी ठरवलं की लोक चोरतातच तर आपणच फुकट वाटू, जाहिरातींवर काय मिळेल ते मिळेल. सगळा जुना साठा आमच्याच साइटवर चढवायचा. माणसं उरली नव्हती म्हणून एक प्रोग्रॅम आणला, तो सर्व्हरवरच्या फाइली उचलून आपोआप चढवत जाई. मला कुणी काही विचारलं नाही. त्या प्रोग्रॅमने आम्ही कापलेल्या प्रती सोडून मूळ प्रती उचलल्या. हेडसकट.

मला कळलं ते तिच्या फोनवरून. त्या दिवशी ती लव्हली वगैरे काही म्हणाली नाही. "वॉर्डात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने फोनवर लावलं होतं. त्यात मी माझं नाव सांगते आहे." मी साइट उघडली. ती तिथे होती, ताठ बसलेली, पासपोर्ट हनुवटीखाली, हसणारी. त्यानंतर मी साहेबांना फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं म्हणणं, "अगं, आपल्या साइटवरून आत्ता उतरवतो की." उतरवलंही. पण तोवर ते दुसऱ्यांनी उचललं होतं, आणि तिचं नाव टाइप केलं की ते सगळ्यात वर येत होतं.

त्या आठवड्यात मित्राकडे दिवाळीचं जेवण होतं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष हॉलमध्ये, टीव्हीच्या सबस्क्रिप्शनवरून गप्पा चाललेल्या. एकजण हळूच म्हणाला, "आणि त्या तसल्या गोष्टींना तर आता पैसेसुद्धा लागत नाहीत, फ्रीमध्ये सगळं अव्हेलेबल." सगळे हसले. चांगली माणसं आहेत ती, कुणाचं सामान हलवायचं असलं तर शनिवारी सकाळी दारात हजर होणारी. मी हातात चकलीचा डबा घेऊन दारात उभी होते आणि मला तो त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

गाडीत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं, पण तिने तेव्हाच विचार करायला हवा होता."

"तिने केला होता," मी म्हणाले. "विग घातला, नाव बदललं. कायद्याने खरं नाव सांगायला लावलं तिथे तिने खरं सांगितलं. अजून काय विचार करायचा होता?"

"तू माझ्यावर का चिडतेस?"

"कारण तू समोर आहेस."



तिला मी सुचवलं होतं, नाव बदलून घे, इथे ते अवघड नाही. ती म्हणाली, "ते माझं नाव आहे. मी त्याच नावाने नर्स झाले." त्यानंतर तिचे फोन थांबले. काही महिन्यांनी कंपनीही बुडाली. मूळ प्रती कुणातरी परदेशातल्या माणसाने घेतल्या म्हणे. नोटीस फिल्मच्या मालकाच्या वतीनेच पाठवता येते, आणि मी आता कुणाचीच माणूस नव्हते. तरी मी अधूनमधून तिचं नाव टाइप करून बघायची. ते वरच असायचं.

गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं. नवऱ्याच्या हॉस्पिटलात त्याच्या मित्रांसमोर मागे उघडा गाऊन घालून पडायची माझी तयारी नव्हती, म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात गेले. इथे नर्स असो की डॉक्टर, पलंगाशी आले की आधी नाव सांगतात: हॅलो, माझं नाव अमुक, आज मी तुमच्याकडे बघणार आहे. सकाळपासून सगळ्यांनी सांगितलं. दुपारी एक नर्स आली, तिने नाव सांगितलं नाही. समोरच्या पलंगावरच्या म्हातारीने विचारलं, "तुझं नाव काय गं, लव्ह?" ती हसून म्हणाली, "नर्स म्हणा की, चालतंय." गळ्यातला बॅज उलटा होता, कोरी बाजू वर.

मी आवाजावरूनच ओळखलं होतं. चेहरा वळला तेव्हा खात्री पटली. थकलेला होता, केस आखूड कापलेले.

ती माझ्याकडे आली, गोळ्यांचा छोटा कप हातात. तिने माझ्या पलंगाभोवतीचा पडदा नीट ओढून घेतला, बाकीच्या कुणी तो ओढला नव्हता. मग मनगटावरची पट्टी बघायला माझा हात उचलला आणि गोळ्या देण्याआधी इथे प्रत्येकाला विचारतात तेच विचारलं, "पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का?"

मी सांगितलं. माझं मराठी आडनाव ऐकून तिने मान वर केली. मी दिसायला कशी आहे हे तिला कधीच माहीत नव्हतं, पण नाव ती वर्षानुवर्षं ईमेलखाली वाचत आली होती. माझा हात तिच्या हातात तसाच राहिला.

"अजून आहे का ते?" तिने विचारलं.

तिच्याशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. "आहे," मी म्हणाले.

तिने मान हलवली. पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि गोळ्या गिळेपर्यंत शेजारी उभी राहिली. पडद्यापलीकडे म्हातारी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. या खेपेला माझं नाव फक्त तिने ऐकलं होतं.