आठवी पिशवी

माझे वडील सेलूच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या कामावर होते. काम दिवाळीच्या सुमाराला सुरू व्हायचं आणि होळीला संपायचं. मग फाटकाला कुलूप, आणि पुढचे सात महिने आम्ही आकाशाकडे बघत बसायचं. उन्हाळ्यात वडिलांना कुठं हमाली मिळाली तर मिळाली, पावसाळ्यात आईला खुरपणी. त्यावर चूल सोपवता येत नव्हती. पाच महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे, हे आमचं बजेट. रेडिओवर देशाच्या बजेटच्या बातम्या लागल्या की मला राग यायचा. त्यात तूट आली तर मोठमोठी माणसं चर्चा करायची. आमच्यात तूट आली तर आई एकवेळ जेवायची आणि चर्चा कुणीच करायचं नाही.

आईनं या बारा महिन्यांची एक पद्धत बसवली होती. जुन्या लुगड्याच्या सात पिशव्या, तोंडाशी नाडी, चैत्रापासून आश्विनापर्यंत महिन्याला एक. हंगामात बाजारच्या दिवशी वडिलांच्या हातात हफ्ता पडला की निम्मा चालू खर्चाला आणि निम्मा या पिशव्यांत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पिशव्या ओळखू याव्यात म्हणून ती काठाला लाल दोऱ्याचे टाके घालायची. चैत्राला एक, वैशाखाला दोन, जेठाला तीन, असं करत आश्विनाला सात. पिशव्या लोखंडी पेटीत आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. अमावास्या सरली की दुसऱ्या दिवशी नव्या महिन्याची पिशवी सोडायची. एका महिन्याचा रुपया दुसऱ्या महिन्यात खर्चायचा नाही, मग घरात कुणी तापानं फणफणत का असेना.

मी बारावीला गेले त्या दिवाळीत हा कारभार माझ्या हातात आला. आला कसला, मी ओढूनच घेतला. थोरल्या बहिणीचं लग्न आदल्या उन्हाळ्यात जिंतूरला झालं होतं, धाकटी नववीत होती, आणि घरात अर्थशास्त्र शिकलेली मी एकटीच होते. मी वही आणली, रकाने आखले, ज्वारी, रॉकेल, मीठ-मिरची, वडिलांच्या विड्या असं सगळं मांडलं. जुन्या पिशव्या विरल्या होत्या म्हणून आईनं त्या साली नव्या शिवल्या. मी दौत घेतली आणि प्रत्येक पिशवीवर निळ्या शाईनं महिन्याचं नाव लिहून काढलं. एवढी ठळक अक्षरं आल्यावर टाके मोजत कोण बसणार? आश्विन लिहून झाला तरी एक पिशवी उरलीच.

"माय, ह्या आठ कशा झाल्या?"

आई चुलीपुढे होती. मान न वळवता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लागंल."

"मग ही माझी. परभणीची."

परभणीला डी.एड.ला जायचं माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं. शाळेतल्या बाईंनी सगळं सांगितलं होतं. हॉस्टेलचं डिपॉझिट, खानावळ, पुस्तकं मिळून साडेचारशे रुपये सुरुवातीला लागतील. दोन वर्षांत मास्तरीण होऊन यायचं, आणि मग बाराही महिने पगार. वडिलांच्या खोकल्यातून रुई निघायची तेव्हा मी हा पगार मनात मोजायचे. मी त्या आठव्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'परभणी' लिहिलं आणि आईला दाखवलं.

"काय लिहिलंस?"

"परभणी."

तिनं पिशवी हातात घेतली, काठावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि परत चुलीकडे वळली.

बजेट करायला अक्कल लागते, पण ते पाळायला दुष्टपणा लागतो, आणि तो माझ्यात भरपूर निघाला. वडिलांच्या विड्या मी दोन बंडलांवरून एकावर आणल्या. चहात दूध फक्त सकाळी. धाकटीच्या रिबिनी रद्द. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा अधूनमधून बंद असायचे. बंदच्या दिवशी जिनिंग बंद, म्हणजे हजेरी बुडाली. तेवढे पैसे मी त्याच आठवड्याच्या तेलातून कापायचे. गल्लीत लोक नामांतर व्हावं की होऊ नये यावर तावातावानं भांडायचे, आणि मी वहीत पावशेर तेल खोडायचे. रविवारी मी स्वतः वेचणीला जायचे. बोंडांच्या काट्यांनी बोटं सोलवटायची आणि त्या बोटांनी सोमवारी पेन धरवायचा नाही. ते पैसे थेट आठव्या पिशवीत.

आई या सगळ्यात माझ्या बाजूनं होती. बाजारच्या दिवशी पैसे वाटताना ती न चुकता म्हणायची, "त्या आठव्यातबी टाक. ती खाली ठेवू नकू." मला वाटायचं, अडाणी असून हिला शिक्षणाची केवढी कळकळ आहे! वर्गात मैत्रिणींना मी हे अभिमानानं सांगितलं होतं.

होळीपर्यंत आठही पिशव्या ठरल्याप्रमाणे भरल्या. परभणीत चारशे साठ झाले होते. दहा रुपये जास्तीचे, एस.टी.ला.

वैशाखात आईच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं तो सुतळीनं बांधला, सुतळी तुटली तेव्हा ती अनवाणी पाण्याला जाऊ लागली. ऊन असं होतं की नळावरच्या बाया पाय उचलून उभ्या राहायच्या. वडील मला म्हणाले, "तुझ्या मायला चपला घे की. बारा-पंधरा रुपयाची तर बात हाय."

मी वही उघडून दाखवली. "ह्या महिन्यात बसत न्हाई."

"परभणीतून घे. तिथं दहा जास्तीचे हायेत म्हणायलीस ना?"

"त्याला हात लावायचा न्हाई."

आई हसली. "ऱ्हाऊ द्या हो. तिचा हिशेब बिघडवू नका." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

वैशाखाची अमावास्या झाली. मी जेठाची पिशवी सोडली, त्यात दोनशे ऐंशी होते. आठ दिवसांत जिंतूरहून निरोप आला. एस.टी.नं आलेल्या एका ओळखीच्या बाईनं तो ओट्यावर बसून, पाणी पिता पिता सांगितला. "धोंड्याचा महिना लागलाय. जावयाचा पहिलाच धोंडा हाय. त्यांचं म्हणणं, घड्याळ घाला. त्यांच्या भावकीत समद्या जावयांना घड्याळं झाली." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुमच्या लेकीनं सांगितलंय, मला खाली हात पाठवू नका म्हणून."

तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. हे सगळं मला माहीत होतं. शेजारी-पाजारी पाहिलं होतं. पण माझ्या वहीत जावई नावाचा रकाना नव्हता. मी घड्याळाला विरोध केला. टॉवेल-टोपी द्या म्हणाले, घड्याळ म्हणजे हुंडाच झाला म्हणाले, अजून काय काय म्हणाले. आईनं एकच विचारलं, "मग तिथं नांदायचं तिला का तुला?"

घड्याळ आलं, निम्मं उधारीवर. जावयाला कपडे, बहिणीला लुगडं, तेहतीस अनारसे, तांब्याच्या ताम्हणात दिवा. जावईबापू पाटावर बसले, आईनं त्यांचे पाय धुतले. ती अनवाणीच होती, टाचांना भेगा पडून रक्त दिसत होतं. जावयांनी नवं घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकली आणि म्हणाले, "चालू हाय." बहीण इतकी खूश होती की तिच्यावर रागावताही येईना. तीन आठवड्यांत जेठाची पिशवी तळाला गेली. उरलेला आठवडा आम्ही ज्वारीच्या कण्यांवर काढला. मी मनात म्हणत होते, एवढा महिना सरू दे, आषाढाची पिशवी भरलेली आहे. मधल्या काळात बारावीचा निकाल लागला होता आणि त्या मार्कांवर नंबर नक्की लागणार असं शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. त्यामुळे कण्याही गोड लागायच्या.

अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडून आषाढाची पिशवी काढली. आईनं माझ्या हातातून ती घेतली आणि परत ठेवली.

"आषाढ न्हाई लागला अजून."

"जेठ संपला ना काल."

"धोंड्याचा जेठ संपला. आता खरा जेठ लागलाय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. किराणा दुकानदारानं जानेवारीत दिलेलं ते कॅलेंडर मी पाच महिने रोज पाहत होते, पण इंग्रजी तारखा आणि परीक्षेचं वेळापत्रक एवढंच. खाली बारीक अक्षरांत 'अधिक ज्येष्ठ' होतं आणि पुढच्या पानावर 'निज ज्येष्ठ'. होळी ते दिवाळी सात महिने असतात हे मी गृहीत धरलं होतं; धोंडा मी सण म्हणून धरला, वरचा महिना म्हणून नाही. त्या साली ते आठ होते. अर्थशास्त्रात मला त्र्याहत्तर मार्क होते.

आईनं परभणीची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. स्वतः सोडली नाही. "सोड," म्हणाली. मी आरडाओरडा केला, आश्विनाची घ्या म्हणाले, पुढचं पुढे बघू म्हणाले. वडील दाराकडे तोंड करून बसले होते. आई म्हणाली, "आश्विनात काय खाशील? तूच सांगतीस ना, ह्याचा रुपाया त्याच्यात न्हाई." नियम मूळचा तिचा, पण आता तो मीच घोकत होते. नाडीची गाठ मी दातांनी सोडली.

परभणीचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. नंबर लागला होता. आठ दिवसांत डिपॉझिट भरायचं होतं. घड्याळाची उधारी फेडून पिशवीत एकशे दहा रुपये उरले होते आणि महिन्याचा एक आठवडा बाकी होता. मी पत्र आईला वाचून दाखवलं, दोनदा. ती तांदूळ निवडत होती, मान खाली घालूनच म्हणाली, "ह्या साली बसत न्हाई, बाई." ते माझंच वाक्य होतं. पण तिच्या तोंडून ते ऐकताना माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी आषाढभर तिच्याशी बोलले नाही. अडाणी बाईच्या नादी लागून माझं वर्ष गेलं, असं मी शाळेतल्या बाईंना जाऊन सांगितलं. एवढी कृतघ्न मी नंतर कधी झाले नाही.

दिवाळीच्या आधी मी पिशव्या धुवायला काढल्या. नवा हंगाम, नवी नावं घालायची होती. सोड्याच्या पाण्यात भिजत घातल्या तर शाई सगळी उतरली, पाणी निळं झालं. आठही पिशव्या एकसारख्या कोऱ्या झाल्या. आता ओळखायच्या कशा म्हणून मी पहिल्यांदा काठावरचे टाके मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. आठवीवरही तीन होते. आईची चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजले. दोन पिशव्यांना तीन-तीन टाके होते. आदल्या दिवाळीत, मी दौत उघडण्याच्या आधीच, तिनं दोन जेठांच्या दोन पिशव्या शिवून ठेवल्या होत्या.

ओली पिशवी घेऊन मी तिच्यापुढे उभी राहिले. "तुला ठाऊक होतं. मग तवाच कामून सांगितलं न्हाईस?"

तिनं पिशवी माझ्या हातातून घेऊन पिळली. मग म्हणाली, "तू लिहायलीस तवा तुझं तोंड लय खुललं होतं. म्हणलं, वाचवू आपण. दोन्हीबी भागंल." पिशवी दोरीवर टाकत म्हणाली, "घड्याळ न्हाई धरलं मी. घड्याळ न्हाई ठाऊक होतं."

तिनं सांगितलं असतं तर मी आठ महिने आशेवर राहिले नसते, ही माझी तक्रार आजही आहे. पण वाचता न येणारी त्या घरात मी होते, हेही तितकंच खरं.

पुढच्या साली परभणीचं नाव निघालं नाही, माझ्या लग्नाचं निघालं. नवऱ्याचं झरीला किराणा दुकान होतं. मी तिथं दुकानाच्या वह्या लिहू लागले. त्या धोंड्यापासून तीन वर्षांनी अधिक वैशाख आला. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकाचा पहिला धोंडा हाय, काय घालायलेत बघू." मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सेलूला निघालेल्या शेजारणीजवळ मीही निरोप दिला. अंगठी घाला म्हणाले. आणि आवाज उतरवून पुढचंही म्हणाले, तेच, मला खाली हात पाठवू नका.

आईनं अंगठी घातली. माझ्या नवऱ्याचे पाय धुतले. धाकटी पुरण वाढत होती. ती बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होती आणि घरचा हिशेब आता तिच्याकडे होता. लोखंडी पेटी कोपऱ्यातच होती, माझ्या पाटापासून हातभर. त्या साली आईनं किती पिशव्या शिवल्या होत्या हे मला न मोजता ठाऊक होतं. आठवीवर धाकटीनं काय लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही. मी आणखी एक धोंडा वाढून घेतला.