पार्किंगमधली होडी

डोंबिवली पूर्वेला समुद्र नाही, हे मला होडी घेण्यापूर्वीसुद्धा माहीत होतं. पण आमच्या घरात एकदा एखादी गोष्ट ठरली की ठरली. (म्हणजे मी ठरवली होती आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.)

कारण होतं बाबा. वर्षापूर्वी आई गेली तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले होते. "जेवलात?" "हं." "पंखा लावू?" "नको." दिवसभराचं भांडवल एवढंच! बाबांचं सगळं लहानपण राजापूरकडच्या एका खाडीत होडी वल्हवण्यात गेलेलं. मला वाटलं, त्यांना एकदा होडीत बसवावं, हातात वल्हं द्यावं, मग माणूस बोलेल. नाहीतर बाबा असेच एकेक शब्द कमी करत एक दिवस आमच्यातून निघून जातील, याची मला खरोखर भीती वाटत होती.

पहिली होडी घेताना काय बघावं, यावरचे झाडून सगळे व्हिडिओ मी पाहिले. एक म्हणाला, तळ बघा. दुसरा म्हणाला, सांधे बघा. तिसरा म्हणाला, आधी आमचं चॅनेल बघा! शेवटी बायकोला सांगावंच लागलं. वृंदाने मोबाईलवर होकायंत्र उघडलं.

"तोंड पूर्वेला आहे ना?"

"अगं, होडी आहे ती! वळवली की पूर्वेला."

"मग पार्किंगमध्ये कुठल्या दिशेला राहणार?"

एवढी चौकशी आम्ही फ्लॅट घेतानासुद्धा केली नव्हती.

होडी मिळाली कोलशेतला, खाडीकाठच्या एका कोळी आजीकडे. आम्ही पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या. चिखलावर धुकं उतरत होतं, ओहोटीचं पाणी कुठेतरी लांब सरकलेलं आणि त्या सगळ्या सामसुमीत ती होडी काठावर एकटीच तिरकी होऊन पडली होती. आमच्याकडेच बघत असावी, असं उगाच वाटलं.

"माजे मालकाची होरी हाय," आजी म्हणाली. "त्यो गेला, तवाधरना कोनी हात नाय लावला तिला."

"अरेरे. कसे गेले?" वृंदाने विचारलं.

"हसत गेला."

"कुठे?"

आजीने हनुवटीने होडीकडे दाखवलं. वृंदाने माझा दंड असा धरला की नखं दोन दिवस दिसत होती! आजीने होडीला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाय, नीट ऱ्हा." हे ती होडीला म्हणाली. आम्हाला काहीच म्हणाली नाही.

टेम्पोतून होडी मानपाडा रोडने निघाली तेव्हा दोघाचौघांनी रस्त्यात थांबून हात जोडले. (विसर्जनाला उशीर झालेला एखादा मोठा गणपती वाटला असावा.) कागदपत्रं होईपर्यंत ती आमच्या स्कूटरच्या जागेवर उभी राहणार होती. सोसायटीचे सेक्रेटरी काणेकाका खाली आले, होडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "टू व्हीलर, फोर व्हीलर असं नियमात आहे. नो व्हीलरबद्दल काही लिहिलेलं नाही. तूर्त राहू द्या."

मग मी होडीची सेवा सुरू केली, आणि ती अगदी नव्या गाडीची करतात तशी! लिंबू-मिरची बांधली. मागे काळी बाहुली लटकवली. रोज पिवळ्या फडक्याने आतून-बाहेरून पुसायचो. वरून प्लास्टिकचं कव्हर घालून दोरीने घट्ट बांधायचो. होडीत ओल म्हणून राहू द्यायची नाही, असा माझा बाणाच होता. दोन आठवड्यांत ती पापडासारखी कोरडी खणखणीत झाली आणि मी कृतकृत्य झालो.

तिथून सुरू झालं. एके संध्याकाळी मी होडीशेजारी कशीबशी स्कूटर लावत होतो. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. कव्हरखालून आवाज आला, कट्. थोडं थांबून पुन्हा, कट्... कट्. कोणीतरी आत बसून सावकाश एकेक बोट मोडत असल्यासारखा! मी म्हटलं, "कोण आहे?" आवाज थांबला. म्हणजे ऐकत होतं! मी चार मजले जिन्याने चढलो. (लिफ्ट चालू होती.)

मग खारा, कुबट वास येऊ लागला. खाडीचा. मग वॉचमन सांगत आला, "साहब, आपका नाव रो रहा है." खाली जाऊन बघतो तर खरंच, होडीच्या बुडातून थेंब थेंब पाणी गळत होतं. पावसाचा पत्ता नाही, वरची पाइपलाइन कोरडी आणि कव्हर जिथल्या तिथे. मी कव्हर काढलं. आत घोटाभर पाणी! काणेकाकांनी त्यात बोट बुडवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत चाखलं.

"खारट आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "समुद्राचं पाणी आहे हे."

"काका, डोंबिवली पूर्वेला समुद्र..."

"मला शिकवू नका!"

मी पाणी उपसलं, होडी पुसली, कव्हर बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. आणि कव्हरची दोरी! मी बांधताना आपली सुतळीला मारतो तशी गाठ मारायचो. सकाळी तिथे एक वेगळीच गाठ असायची, चपटी, देखणी, आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही न येणारी. ती सोडवायला मला अर्धा तास लागायचा. पार्किंगमध्ये मुलं खेळेनाशी झाली. कामवाल्या बायका मागच्या गेटने येऊ लागल्या. घरातसुद्धा सगळं चमत्कारिकच चाललं होतं. वृंदा म्हणाली, मिठाची पिशवी आणली की संपते, असं कधी झालं नव्हतं.

काणेकाकांनी निर्वाणीचं सांगितलं, "रविवारपर्यंत हिला आजीकडे पोचवा. नाहीतर मी कमिटी बोलावतो."

आजीला फोन केला, तर ती म्हणाली, "दिल्याली पोर कोन परत घेतं काय?" आणि फोन ठेवला. मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीत बसले होते. होडी गेली असती तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. म्हटलं, एकदा आजीच्या त्या गेलेल्या मालकांनाच गाठावं, हातापाया पडावं.

पहाटे मी, वृंदा आणि काणेकाका जिन्याच्या आडोशाला दबा धरून बसलो. माझ्या हातात नारळ, वृंदाच्या हातात लाटणं आणि काणेकाकांच्या हातात सोसायटीचा शिक्का. (का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.) पार्किंगमध्ये एकच दिवा मिणमिणत होता. आधी पाणी ओतल्याचा आवाज आला. मग कोणीतरी हलक्या आवाजात बोलायला लागलं. भराभर, न थांबता, वर्षभराचं साचलेलं असावं तसं. मी डोकावलो. पांढरी आकृती होडीवर वाकली होती. ती बोलायची थांबली, कान देऊन काहीतरी ऐकलं आणि हसली.

हसत गेला! वृंदाच्या हातून लाटणं पडलं. काणेकाका रामनाम घेऊ लागले. मी धावत जाऊन सरळ लोटांगण घातलं आणि नारळ पुढे सरकवला.

"मालक, चूक झाली! पदरात घ्या! काय पाहिजे ते सांगा!"

"आणखी एक बादली पाणी आण," आकृती म्हणाली.

मी डोकं वर केलं. बनियन, पंचा, हातात मिठाची पिशवी. बाबा!

"बाबा, तुम्ही? हे काय करताय?"

"तू काय करतोयस ते आधी सांग! लाकडाची होडी कोणी अशी वाळवतो का रे? फळ्या आकसल्या, सांधे उघडले. कट् कट् करून ओरडत होती बिचारी. पाणी पिऊन फुगू दे तिला. आणि गोड्या पाण्यात लाकूड कुजतं, म्हणून मीठ." एका दमात इतकी वाक्यं! मी लोटांगणातच होतो, तिथेच मला रडू आलं. वर्षभरानंतर बाबा मला गाढव म्हणाले. ("नंदू, उठ गाढवा, फरशी ओली आहे.") बरं वाटलं.

काणेकाका जिन्याआडून आले. "बाबासाहेब, ते ठीक. पण बोलत कोणाशी होतात?"

"हिच्याशी."

"आणि हसलात ते?"

बाबांनी दोरीला ती चपटी गाठ मारली. "ती काहीतरी म्हणाली," ते म्हणाले आणि बादली उचलून लिफ्टकडे गेले. काणेकाकांनी कमिटी बोलावली नाही. त्या दिवसापासून तेसुद्धा मागच्या गेटने येऊ लागले.

कागदपत्रं झाली आणि एका सकाळी आम्ही होडी पश्चिमेला रेतीबंदरावर खाडीत लोटली. भरतीचं पाणी चढत होतं, पलीकडचा काठ धुक्यात दिसेनासा झाला होता. होडीत एक थेंब शिरला नाही. बाबा टुणकन आत बसले, वल्हं हातात घेतलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक पाय आत टाकला.

"जागा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, चार माणसांची होडी आहे. तुम्ही एकटे आहात."

"एकटा?" बाबांनी समोरच्या रिकाम्या फळीकडे बघितलं. मग कान देऊन काही ऐकलं आणि हसले. मी पाय बाहेर काढला. होडी समोरच्या अंगाला किंचित दबलेली होती, अगदी आपलं माणूस बसल्यावर दबते तेवढीच.

"काय... काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणतेय, घरात ठेवायला जागा नसताना वस्तू आणून टाकायची नंदूची सवय काही जात नाही."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हे वाक्य बाबांचं नव्हतं. हे वाक्य जगात एकच बाई बोलायची, आणि याच ठसक्यात!

बाबांनी वल्हं मारलं. होडी धुक्यात शिरायला लागली. आणि मी, पन्नाशी उलटलेला, सोसायटीतला एकमेव बोटमालक, गुडघाभर चिखलात मान खाली घालून त्या रिकाम्या फळीला म्हणालो, "चुकलो आई. पुढच्या वेळी विचारून आणीन."