अक्कांवरचा ठपका

हे सांगणं मी फार वर्षं टाळलं. अक्कांना ओळखणारे आता मोजकेच उरलेत आणि तेही म्हणतात, "लाट्या खाऊन खाऊन गेली बिचारी." ते खरं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली वहिनी. ऐंशीच्या दशकात असोद्यात आमच्या गल्लीत कुणाकडेही उडदाचे पापड असले, की पीठ कुटल्यावर पहिली लाटी अक्कांच्या हातात जायची. मीठ बरोबर आहे असं त्या म्हणेपर्यंत लाटणं हलत नसे.

मग त्यांना बीपी निघालं. जळगावच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला, रोज चालायला सांगितलं आणि मला बजावलं, "आकडा बरा आला तरी गोळी सोडायची नाही."

अक्कांनी सगळं पाळलं. केळीच्या मळ्यापर्यंत चालत जाऊन यायच्या. ठेचासुद्धा बिनमिठाचा. "मीठ नसलं त मिरची खरी कयते, भाऊ," म्हणायच्या. लाटी गालात धरून चव सांगायच्या आणि परसात जाऊन थुंकून चूळ भरायच्या. बायकांना ते दिसत नसे. मला आमच्या मागच्या ओट्यावरून दिसायचं.

"अक्का, डॉक्टरले सांगू का?" कुणीतरी चिडवायची.

"सांग न. पापड खारट झाले त त्यालेच वाढ."

गोळ्या मी आणायचो, जळगावला नोकरीला होतो म्हणून. ऑफिस सुटल्यावर औषधाच्या दुकानात गेलं की एसटी चुकायची. मला कंटाळा आला होता, एवढंच. एकदा आकडा चांगला आला. गोळ्या संपल्या तेव्हा अक्कांनी विचारलं, "भाऊ, गोयी आनली का?"

"आता नॉर्मल आहे अक्का. कशाला उगाच रोज?"

त्यांनी मान डोलावली. मी शिकलेला होतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भेटायला आलेल्या बायका खाटेशी बसून म्हणायच्या, "किती सांगितलं, लाट्या खाऊ नको म्हनून." अक्का माझ्याकडे बघायच्या. मी उशी नीट करायचो.

त्यानंतर दोन पावसाळे काढले त्यांनी. आता मात्र मी गोळी एक दिवस चुकवली नाही. कुटून, पाण्यात कालवून पाजायचो. खाटेशी बसलो की 'अक्का, गोळी मी बंद करवली' एवढं वाक्य तोंडाशी यायचं. त्या माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या.

मी विचारायचो, "पाणी देऊ?"