विमानासाठी गाऱ्हाणं

ओल्या खोबऱ्याचा वास आला की पूर्णगडच्या देवळातली ती सकाळ आठवते. शेजारच्या जिल्ह्यातून सुटणारं मुंबईचं विमान बंद झालं होतं आणि मणक्याचं ऑपरेशन झालेल्या आईला तपासणीसाठी खड्ड्यांतून दहा-दहा तास न्यावं लागत होतं. बाबांनी देवापुढे नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्यांचं विमान परत सुरू कर!” आणि आम्ही सवयीने “व्हय म्हाराजा” म्हणालो. आई भडकली, “विमान ऱ्हाऊ दे, आधी रस्ता माग!” गुरव ओशाळून म्हणाला, “वैनी, रस्त्याचं गाऱ्हाणं माझ्या बापाने घातलेलं, ते अजून चालूच हाय.” आता आईने तपासणीच सोडली आहे, आणि मला चीड येते ती माझीच, कारण नारळ ठेवला की तोंडातून अजूनही “व्हय म्हाराजा”च निघतं.