कुंडाच्या पाण्याची बाटली
ब्लीचिंग पावडरचा वास आला, की मला अंबडहून सुटलेली दुपारची एसटी आठवते. मी सांभाळतो त्या बागेतल्या जुन्या कुंडात ती पावडर टाकावी लागेल का, हे ठरवायला मी तिथलं पाणी बाटलीत भरून जालन्याला तपासायला नेत होतो. कुंडाचं पाणी म्हटल्यावर शेजारच्या सीटवरच्या आजींनी तीर्थासाठी हात पुढे केला. "पिऊ नका आजी, खराब झालंय का ते बघायचंय," मी म्हणालो. "म्हंजे बिमार हाय व्हय ते?" असं म्हणत त्यांनी स्वतःजवळच्या पाण्याने पदर भिजवला, उन्हातली बाटली त्यात गुंडाळली आणि जालन्यापर्यंत मांडीवर धरली. उतरताना म्हणाल्या, "नारळ बोलले हाय मी. बरं झालं की सांग." त्यांचं गाव विचारायचं राहिलं, म्हणून कुंडाचा रिपोर्ट चांगला आला, की नारळ अजून मीच फोडतो.